हीटरआधी फिल्टर बघा

थंडी पडली की डिस्कस मासे पाळणाऱ्यांची तक्रार ठरलेली: इनलाइन हीटर 29 अंशांवर लावलाय, दिवा लागतो-विझतो, पण टाकीतलं पाणी 25च्या वर सरकत नाही. लगेच नवा हीटर आणायला धावू नका. हा हीटर टाकीत नसतो, कॅनिस्टर फिल्टरच्या परतीच्या नळीत बसतो, आणि त्याचा थर्मोस्टॅट स्वतःच्या पोटातल्या पाण्याचं तापमान बघतो. फिल्टरचा स्पंज गाळाने तुंबला किंवा नळी कुठे मुडपली की धार मंदावते. पोटातलं पाणी झटकन तापतं, हीटर बंद होतो, टाकी गारच. म्हणून आधी स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात धुवा, नळ्यांतलं शेवाळ ब्रशने काढा. बोअरचं पाणी असेल तर हीटरच्या कांडीवर क्षारांचा पांढरा थरही सापडेल. तरीही पारा हलला नाही तर वॅट तपासा: 200 लिटर पाणी एका अंशाने तापवायला 300 वॅटच्या हीटरला, उष्णता अजिबात वाया गेली नाही तरी, पाऊण तास लागतो; उघड्या टाकीतून तर ती रात्रभर निसटत असते. झाकण ठेवाच. आणि हीटर उघडण्यापूर्वी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.