उपवास आणि रोजा

मी बी.एड. करत असतानाची गोष्ट. आषाढी एकादशी होती. मधल्या सुट्टीत माझ्या मैत्रिणीने डबा उघडला. डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. "आज माझा उपवास आहे," ती म्हणाली. मला हसू आले. "खिचडी खाऊन कसला ग उपवास?" मी बोलून गेले. तिने डबा मिटला. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही.

पुढे रमजान आला. तेव्हा तिने मला विचारले, "पहाटे जेवता, सूर्य मावळला की पुन्हा जेवता. मग रोजा तो कसला?" आता वाईट वाटण्याची पाळी माझी होती.

चूक दोघींची एकच होती. दुसरीचे व्रत आम्ही आपल्या मापाने मोजत होतो. त्यानंतर आम्ही एकमेकींना विचारू लागलो. 'उपवास' म्हणजे जवळ राहणे, ईश्वराच्या सान्निध्यात राहणे, हे मला तिच्याकडून कळले. रोजाला अरबीत 'सौम' म्हणतात. त्याचा अर्थ स्वतःला आवरणे, अन्नपाण्यापासून आणि खोटे बोलण्यापासूनही, हे मी तिला सांगितले.

उपवास करावा, हे धर्म सांगतो. ताटात काय असावे, हे बहुधा तो प्रदेश ठरवतो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही सारी अमेरिका खंडातून आलेली पिके. आज त्यांच्यावाचून एकादशीचा फराळ होत नाही. पैगंबरसाहेब खजुराने रोजा सोडत, म्हणून जगभरचे मुसलमान खजूर खातात. मात्र ईदला आपल्याकडे शिरखुर्मा असतो, तर इंडोनेशियात नारळीच्या पानांच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात. शिरखुर्म्यावाचून ईदची नमाज अडत नाही. पण आईच्या हातच्या शिरखुर्म्याशिवाय ईद ईद वाटत नाही. धर्म कोठे संपतो आणि संस्कृती कोठे सुरू होते, हे आतल्या माणसालाही नेमके सांगता येत नाही.

मग बाहेरच्या माणसाला ते कळेल का? काही जण म्हणतात, कधीच नाही. मला हे पटत नाही. ख्वारिझमचा विद्वान अल्-बिरूनी गझनीच्या महमूदाच्या दरबारी होता. तो संस्कृत शिकला. त्याने पंडितांना प्रश्न विचारले आणि सुमारे १०३० साली 'किताबुल हिंद' हा ग्रंथ अरबीत लिहिला. भाषा आणि चालीरीती वेगळ्या, त्यात महमूदाच्या स्वाऱ्यांनी मने दुरावलेली. अशा वेळी समजून घेणे किती अवघड आहे, हे त्याने आरंभीच नोंदवले. तरीही वाद न घालता हिंदूंचे म्हणणे आहे तसे मांडायचे, असे त्याने ठरवले.

अर्थात, दिवसभराच्या तहानेनंतर मगरिबची अजान ऐकून मला जे वाटते, ते माझ्या मैत्रिणीला पुरते कळणार नाही. पंढरपूरचा कळस दिसताच वारकऱ्याला जे वाटते, ते मलाही कळणार नाही. तेवढे अंतर राहणारच. त्या अंतराचा मान राखणे, हाही समजूतदारपणाच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, मराठीच्या पुस्तकात तुम्हांला दिंडी, ओवी, भोंडला असे शब्द भेटतील. त्यांना हसू नका, अर्थ विचारा. आणि कोणी रोजाविषयी वेडावाकडा प्रश्न विचारला, तर रुसून बसू नका. त्याला त्याच्या भाषेत नीट सांगा. ते सांगता यावे, म्हणूनही मराठी शिकायची असते.