बेताच्या खर्चात दाराला कॅमेरा

मैत्रिणींनो, मे महिन्यात घराला कुलूप लावून गावी जायचं म्हटलं की पूर्वी शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली की काम झालं. आता आमच्या उमेळ्यात एका अंगाला जुनी कौलारू घरं, वाडी, विहीर, आणि दुसऱ्या अंगाला नव्या इमारती. काकूंच्याच घराला दिवसभर कुलूप, कारण सूनबाई सकाळची लोकल पकडून नोकरीवर जाते. त्यामुळे "दाराला कॅमेरा लावावा का गं?" हा प्रश्न हल्ली भिशीतही निघतो. आमच्या घरी गेल्या वर्षी हे काम झालं, आणि वायरमनच्या मागे उभं राहून मी सगळं पाहून घेतलं. म्हणून या खेपेला त्याविषयीच लिहिते.

हा पुरुषांचा प्रांत आहे असं मात्र समजू नका हं. घराच्या दारावर कॅमेरा बसवण्याची कल्पना मांडली ती एका परिचारिकेनं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन. कामाच्या वेळा आडनिड्या, रात्री घरी एकटी, आणि बोलावलं तरी पोलीस वेळेवर येत नसत. तिनं दाराला चार भोकं ठेवली, आतून वरखाली सरकणारा कॅमेरा बसवला आणि बाहेर कोण आहे ते खोलीतल्या टीव्हीवर दिसेल अशी सोय केली. नवरा इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार होता, त्याची मदत झाली. १९६९ साली दोघांच्या नावे पेटंट मिळालं.

आता आपल्याकडचं पाहू. बाजारात दोन तऱ्हा आहेत: वायफायवर चालणारे आणि वायरचे. वायफायचा लावायला सोपा, पण जुन्या घरांच्या जाड भिंतींपुढे त्याची मात्रा चालत नाही, इंटरनेट रुसलं की तोही रुसतो, आणि चित्रण पुष्कळदा कॅमेऱ्यातल्याच कार्डावर असतं. चोरानं कॅमेराच उपटून नेला, की पुरावाही त्याच्याच पिशवीत! वायरच्या कॅमेऱ्याचं चित्रण घरातल्या रेकॉर्डरमध्ये साठतं, त्याला इंटरनेट लागत नाही. फोनवर पाहायचं असेल तरच ते जोडायचं.

वायरच्यातही पुन्हा दोन प्रकार. एक जुन्या वळणाचा, म्हणजे जाड केबल आणि डीव्हीआर. दुसरा आयपी कॅमेरा, ज्याला संगणकाची केबल आणि एनव्हीआर लागतो. दुसरा अधिक सुबक आहे खरा, एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं. पण दोन-तीन कॅमेऱ्यांच्या घराला पहिला पुरतो आणि स्वस्तही पडतो. आम्ही तोच घेतला.

खर्चाचा अदमास सांगते. दोन मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे, चार जोडण्यांचा डीव्हीआर, हार्ड डिस्क, केबलचं बंडल, वीज पुरवणारा डबा आणि मजुरी धरून चौदा-पंधरा हजारांत काम व्हावं. भाव सारखे बदलतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारा. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर एक चक्कर मारली तर घासाघीस करायला निदान आकडे तरी हाती येतात. डीव्हीआर चार जोडण्यांचाच घ्या, पुढे मागच्या दाराला कॅमेरा लावावासा वाटला तर नवा घ्यावा लागत नाही.

हार्ड डिस्कवर मात्र दुकानदार हमखास फुगवून सांगतो. हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा बेताच्या प्रतीवर दिवसाला दहा-अकरा जीबी जागा खातो. दोन कॅमेऱ्यांना ५०० जीबीत तीन आठवडे निघतात, प्रत वाढवली तर दहा-अकरा दिवस. जागा संपली की नवं चित्रण जुन्यावर चढतं. एरवी एवढं पुरे. पण तुम्ही महिनाभर गावी जाणार असाल तर एक टीबीची घ्या, नाहीतर परत येईपर्यंत पहिल्या आठवड्याचं सगळं पुसलेलं असायचं. डिस्क पाळतीच्या कामासाठी बनवलेली मागा, रात्रंदिवस लिहिण्याची सवय साध्या डिस्कला नसते.

पैसे वाचवायला केबलमध्ये काटकसर करू नका. तांब्याच्या नावाखाली वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार गळ्यात मारतात. टोक कापून सुरीनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत करा. अशा तारेतून लांबच्या कॅमेऱ्याला पुरती वीज पोचत नाही, आणि रात्री दिवे लागले की चित्र थरथरतं.

कॅमेरा किती उंच लावायचा यावर आमच्याकडे बराच वाद झाला. आमच्या ह्यांचं म्हणणं, छपराखाली अगदी वर लावा, कुणाचा हात पोचणार नाही. पण तिथून माणसाची टाळू दिसते, चेहरा नाही! आठ-नऊ फूट उंची बरी. एक कॅमेरा असा हवा की फाटकातून येणाऱ्याचा चेहरा समोरून यावा. सबंध अंगण दाखवणाऱ्या रुंद भिंगात माणसं बाहुलीएवढी दिसतात, तेव्हा सगळं एकाच कॅमेऱ्यात मिळेल ही आशा सोडा. रात्री दिसावं म्हणून कॅमेऱ्यातून न दिसणारा प्रकाश निघतो. जवळ पांढरी भिंत, पागोळीचा पत्रा किंवा माडाची झावळी असली तर तो उलटून येतो आणि चित्र धुक्यासारखं होतं. कोळ्यांनाही ती जागा भारी आवडते. पंधरा दिवसांनी झाडूचा एक हात तिथेही फिरवा.

आपल्याकडची हवा खारी, जवळच मिठागरं. उघडे सांधे पहिल्याच पावसाळ्यात हिरवे पडतात. प्रत्येक जोड प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून घ्या. केबल भिंतीत शिरण्याआधी थोडी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे पाणी झोळावरून खाली गळतं, भोकातून घरात येत नाही. वायरमन "काही होत नाही ताई" म्हणेल, त्याचं ऐकू नका. विजेचंही पाहा. २०१८ च्या जुलैतल्या पुरात वसईत कितीतरी भाग अंधारात होते, ते आपण विसरलेलो नाही. एवढा काळ कोणताच इन्व्हर्टर पुरणार नाही, पण रोजच्या तासा-दोन तासांच्या खंडाला घरचा इन्व्हर्टर भागवतो. दोन कॅमेरे आणि डीव्हीआर मिळून पंचवीस वॅट धरले तर महिन्याला अठरा युनिटं होतात.

डीव्हीआर टीव्हीखाली मांडून ठेवू नका, चोर पहिल्यांदा तोच उचलतो. माळ्यावर किंवा कपाटात ठेवा, मात्र हवा खेळती हवी.

आता जरा नाजूक गोष्ट. माझ्या एका सहशिक्षिकेच्या घरी बाहेर दोन कॅमेरे लागले, आणि तिसरा "उरलाच आहे तर" म्हणून बैठकीच्या खोलीत. आठवड्याभरात यजमानांचे कचेरीतून फोन सुरू झाले. आत्ता कोण आलं होतं? एवढा वेळ काय बोलत होतीस? सासूबाईंना दुपारी पदर बाजूला सारून पंख्याखाली पडायची चोरी झाली. हा कॅमेरा चोरासाठी की सुनेसाठी? तिनं शेवटी घरात स्पष्ट सांगितलं आणि तो काढून मागच्या पडवीत लावून घेतला. मला तिचं फार कौतुक वाटलं. घराच्या आत कॅमेरा नको, हे माझं स्वच्छ मत आहे. अगदीच बाळ किंवा आजारी माणूस असेल तर सगळ्यांना सांगून, तेवढ्यापुरता. कामवाल्या बाईंनाही सांगा. आणि आपला कॅमेरा शेजाऱ्यांच्या खिडकीत किंवा न्हाणीच्या दारावर डोकावत नाही ना, हे लावतानाच पडद्यावर पाहून घ्या. इमारतीत राहत असाल तर समोरच्या बिऱ्हाडाला आणि सोसायटीला आधी विचारा.

आतल्या कॅमेऱ्याचा धोका फक्त घरच्यांपुरता नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं महिलांच्या तपासणीचं चित्रण बाहेर विकलं जात असल्याचं उघड झालं. यंत्राबरोबर आलेला पासवर्ड बदललेलाच नव्हता. तेव्हा वायरमन जायच्या आत पासवर्ड बदला, तो त्याच्या फोनवरून काढून टाकायला लावा, आणि नवा तुम्हाला स्वतःला पाठ हवा. दिवसभर घरात आपण असतो आणि पासवर्ड फक्त यजमानांना ठाऊक, हे काय? एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारनं कॅमेऱ्यांना सुरक्षिततेच्या कसोट्या सक्तीच्या केल्या आहेत, तेव्हा दुकानदाराला त्याचं प्रमाणपत्र विचाराच.

महिन्यातून एकदा कालचं चित्रण लावून पाहा आणि घड्याळ जुळवा. रेकॉर्डरचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे असलं तर पोलीस चौकीत आपलीच उलटतपासणी होते. पेन ड्राइव्हवर चित्रण कसं उतरवायचं ते वायरमनकडून दोनदा करून घ्या, दुसऱ्यांदा आपल्या हातानं.

चोरी झालीच, तर लगेच कळवा आणि डिस्कला कुणाला हात लावू देऊ नका, जुनं पुसलं जाण्याआधी ते काढायला हवं. नुसती नक्कल कोर्टात चालत नाही. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद कचेरीतल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावर येऊन ठेपला होता. त्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये सांगितलं, की मूळ यंत्र हजर केलं नाही तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली त्याचा नमुनाच दिला आहे. त्यात यंत्राची बनावट, मॉडेल, रंग आणि क्रमांक विचारतात. हे चारही रेकॉर्डरच्या खालच्या चिठ्ठीवरून आजच वहीत उतरवा आणि खरेदीची पावती त्याच पानाला टाचून ठेवा. एकदा तो माळ्यावर चढला, की क्रमांक वाचायला स्टूल घेऊन कुणी वर जात नाही.