जांभळ्या पानांची खूण व तिची मर्यादा

भाताच्या शेतांत उगवणारें रानभात हें शेतकऱ्याचें जुनें दुखणें आहे. छत्तीसगडांत त्यास ‘करगा’ म्हणतात. निसवेपर्यंत त्याचें रोप आपल्या भातासारखेंच दिसतें. त्यामुळें जाणत्या खुरपणाऱ्याच्याहि हातून तें सुटतें. पुढें त्याचे दाणे कापणीपूर्वींच गळतात, जमिनींत पडून राहतात व पुढील हंगामीं पुन्हां उगवतात.

ह्यावर संशोधकांनीं एक सुंदर युक्ति काढली. जांभळ्या पानांच्या भाताशीं संकर करून, ज्यांचीं रोपें लहानपणींच जांभळीं दिसतात असे वाण त्यांनीं तयार केले. रायपूरचा ‘श्यामला’ हा अशांपैकींच होय. असा वाण पेरला म्हणजे जें हिरवें दिसेल तें उपटावें, इतकेंच काम उरतें.

परंतु ही खूण कायमची समजणें चुकीचें ठरेल. भात बहुतांशीं स्वतःच्याच परागानें फळत असलें, तरी शेजारच्या रानभाताशीं त्याचा थोडाफार संकर होतोच. जांभळा रंग बहुधा प्रबल असल्यामुळें संकराचीं रोपें जांभळींच निघतात आणि खुरप्यांतून वांचतात. मेंडेल ह्यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत वाटाण्याच्या संकराच्या दुसऱ्या पिढींत ७०५ झाडें जांभळट फुलांचीं व २२४ पांढऱ्या फुलांचीं आल्याचें नमूद आहे. म्हणजे जांभळें झाड शुद्ध आहे कीं संकराचें, हें केवळ रंगावरून कळत नाहीं. दरवर्षीं हिरवें तेवढेंच उपटीत गेल्यास नकळत आपणच जांभळ्या रानभाताची निवड करीत असतों. हा नुसता तर्क नव्हे. आपल्या देशांत हें पूर्वींच अनुभवास आलें आहे.

रंग हा गुणाचाहि पुरावा नव्हे. जांभळी भांग अधिक मादक, अशी कित्येकांची समजूत असते. पण रंग अँथोसायनिन नांवाच्या द्रव्याचा, मादकपणा राळेंतील निराळ्याच द्रव्याचा. मक्याचें रोप तर नुसतें स्फुरद कमी पडल्यानेंहि जांभळें होतें.

म्हणून आमचें मत असें कीं, जांभळा वाण एकाच शेतांत सतत पेरूं नये. हिरव्या वाणाशीं त्याची पाळी ठेवावी. हिरव्याच्या वर्षीं जांभळीं रोपें निसवण्यापूर्वीं उपटावीं. त्या वर्षीं हिरवें रानभात कांहीं सुटेल हें खरें. पण पुढच्या जांभळ्या पिकांत तें उघडें पडेल. घरचें बीं राखणाऱ्यानें तर कुसळांचीं व लाल दाण्यांचीं झाडें आधींच काढून टाकावीं. पराग बांध ओळखीत नाहीं. तेव्हां शेजाऱ्यांनीं मिळून ही पाळी ठरविल्यास फळ अधिक. गोंदिया-गडचिरोलीकडील भातकरी बंधूंनीं ह्याचा अवश्य विचार करावा. खूण संशोधकानें दिली. ती टिकविणें मात्र आपल्याच हातीं आहे.