आदेश निघण्याआधी

१९५६ साली ए. डी. श्रॉफ यांनी मुंबईत ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ हे व्यासपीठ उभे केले. निवडणूक न लढवता पुस्तिका, व्याख्याने व वृत्तपत्रांतून खुल्या अर्थव्यवस्थेचा प्रचार चालला. नानी पालखीवालांच्या अर्थसंकल्पावरील भाषणांना ब्रेबॉर्न स्टेडियम भरे. पाठबळ उद्योगजगताचे होते, हे विसरू नये. १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांवरील परवाना पद्धत उठली. सारे श्रेय फोरमचे नव्हे. पण ती भाषा सुशिक्षितांच्या कानी पस्तीस वर्षे पडत होती.

तो विचार पटो वा न पटो, चिकाटी घेण्याजोगी आहे. आपण मात्र मराठी शाळेवर गदा आली की निवेदन घेऊन धावतो. तोवर लोकमत इतरांनी घडवलेले असते. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे: आधी लिहा, आणि शेजाऱ्यांच्या भाषेतील वृत्तपत्रांतही लिहा.