फेणेला पुण्याबाहेर येऊ द्या

‘फास्टर फेणे’चा दुसरा भाग आता न आलेलाच बरा, असं म्हणणारी माणसं मला कोल्हापूरच्या कसबा बावड्यात वारंवार भेटतात. वाईट याचं वाटतं, की ती सगळी फेणेवर जीव टाकणारी आहेत. ज्यांना तो सिनेमा आवडलाच नव्हता त्यांना दुसऱ्या भागाचं काही सोयरसुतक नाही. धास्ती घेतली आहे ती २७ ऑक्टोबर २०१७ ला सिनेमा लागला तेव्हा दिवाळीच्या सुटीत पोरांना घेऊन थिएटर गाठणाऱ्यांनी आणि बाहेर पडताना पोरांबरोबर स्वतःही फेणेसारखं ‘ट्टॉक’ करत जिने उतरणाऱ्यांनी. दुसरा भाग कधी, हे त्यांनी वर्षानुवर्षं विचारलं. विचारता विचारता उत्सुकता मागे पडली आणि काळजी तेवढी उरली. भगवा चौकात विषय निघाला की कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकतो, “हाय ते बरं हाय. उगं हात लावून घाण करतील.” बाकीचे माना डोलावतात.

त्या काळजीबद्दल मला आदर आहे. तिच्यातून जे निष्कर्ष काढले जातात ते मात्र मला एकही मान्य नाहीत, म्हणून हा लेख.

पहिला आक्षेप असा, की दुसरा भाग फसला तर पहिल्याची गोडी जाते. हे म्हणणाऱ्यांनी फेणे मुळात कुठून आला ते आठवावं. बनेश फेणे हा एका गोष्टीचा नायक कधीच नव्हता. भा. रा. भागवतांनी या फुरसुंगीच्या पोराला वीसेक पुस्तकांतून पळवला. प्रतापगडावर नेला, गुलमर्गला नेला, चक्रीवादळात सोडला, विमानचोरांच्या मागे लावला. ती सगळी पुस्तकं सारखी रंगली का? नाही रंगली. काहींत योगायोगांची गर्दी आहे, काहींत खलनायक पहिल्या प्रकरणातच कळतो. तरी वाचनालयातली त्या मालिकेतली कुठलीही प्रत हातात घेऊन पाहा. पाठीला चिकटपट्टी, कोपरे गोल झालेले, पहिल्या पानावरच्या चिठ्ठीत तारखांचे शिक्के एकमेकांवर चढलेले. एक पुस्तक थोडं कमी आवडलं म्हणून पोरांनी पुढचं न्यायचं सोडलं नाही आणि आधीचं आवडलेलं नावडतंही झालं नाही. दुसरा भाग असणं हा फेणेचा स्वभावच आहे. एकाच सिनेमात त्याला कोंडून ठेवणं हे त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे.

कोल्हापूरकरांनी तर ही भीती मुळीच बाळगू नये, कारण तिचा निकाल याच शहराच्या माणसांनी फार पूर्वी लावून दिला आहे. बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये कोल्हापुरात ‘सैरंध्री’ काढला आणि टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. १९३३ मध्ये त्यांच्याच तालमीतल्या शांतारामबापूंनी ‘प्रभात’तर्फे तीच कथा पुन्हा घेतली, ती रंगीत करण्याच्या जिद्दीने. फिल्म प्रक्रियेसाठी जर्मनीला गेली, रंग मनासारखे उतरले नाहीत, सिनेमा पडला. अपेक्षाभंग म्हणतात तो याहून मोठा काय असणार? पण म्हणून गुरूची १९२० ची ‘सैरंध्री’ पुसली गेली का? मराठी सिनेमाचा इतिहास आजही तिचं नाव घेतल्याशिवाय सुरू होत नाही. आणि पडलेल्या सिनेमानंतर लगेच १९३४ मध्ये त्याच शांतारामबापूंनी ‘अमृतमंथन’ केला. ‘हात लावला तर बिघडेल’ या भीतीने ती माणसं गप्प बसली असती तर आज आपल्याला मिरवायला फार थोडं उरलं असतं.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि वयाचा. फार उशीर झाला, सिनेमात फेणे झालेला अमेय वाघ आता पोरसवदा राहिला नाही, “त्यो आता कसला पळतोय!” हा आक्षेप वरवर रास्त वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. पुस्तकातला फेणे शाळकरी आहे, विद्याभवनात शिकणारा, हडकुळा. २०१७ च्या सिनेमाने त्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचा केला, तेव्हाच आपण वयाचा मुद्दा सोडून दिला होता. त्याही आधी दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला होता आणि त्या पिढीला आजही फेणे म्हटलं की तोच दिसतो. शरीर बदललं, फेणे टिकला. उशिराचं म्हणाल तर ‘मॅड मॅक्स’चा तिसरा भाग १९८५ चा आणि चौथा २०१५ चा. मध्ये ३० वर्षं गेली, नायकाचा नट बदलला, दिग्दर्शक जॉर्ज मिलर सत्तरीला आला. तरी तो चौथा भाग साहसपटांच्या पहिल्या रांगेत बसला. उशिरामुळे सिनेमा पडत नसतो. मधल्या वर्षांत सांगण्यासारखं काही साठलेलं नसेल तर पडतो.

सिनेमाचा दिग्दर्शक आदित्य सरपोतदार हिंदीत मोठा झाला, आता त्याला मराठी फेणे छोटा वाटेल, ही तिसरी भीती. तिच्यावर फार शाई घालवायची गरज नाही. २०२४ मध्ये त्याने ‘मुंज्या’ केला. कोकणातलं पिंपळावरचं भूत, आपल्या आज्यांनी सांगितलेलं, नावाजलेला तारा नाही, आणि त्या हिंदी सिनेमाने १०० कोटींच्या वर धंदा केला. ज्याला घरच्या गोष्टीची ताकद इतकी स्वच्छ कळली आहे त्याला फेणे छोटा का वाटावा?

आता खऱ्या विरोधकाकडे येतो. तो दुसरा भाग नको म्हणत नाही. तो हौसेने हवाच म्हणतो, पण “बाहुबलीसारखा काढा” म्हणतो. परदेशात चित्रीकरण करा, गाड्या उडवा, दक्षिणेतल्यासारखं भव्य करा, मगच मराठीची लाज राहील. निराश माणसापेक्षा हा आशावादी माणूस फेणेचं जास्त नुकसान करणार आहे, कारण निर्माते त्याचं ऐकण्याची शक्यता जास्त. आणि त्याच्या मागणीच्या मुळाशी मराठीबद्दलचा न्यूनगंड आहे, हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे.

भव्यतेने साहसपट तरत असता तर २०२३ चा ‘इंडियाना जोन्स’ तरला असता. ऐंशीच्या घरातल्या हॅरिसन फोर्डला सुरुवातीच्या लांबलचक प्रसंगात संगणकाने तरुण करून दाखवलं, पाण्यासारखा पैसा ओतला, आणि जगभरच्या चाहत्यांनी १९८१ चा पहिला भाग पुन्हा काढून पाहिला. आपल्याकडे ‘झपाटलेला’ १९९३ चा. २०१३ मध्ये दुसरा भाग थ्रीडीत आला. तंत्राची ती मेहनत मी कमी लेखत नाही, मराठीत असं काही करायला धाडस लागतं. पण पोरं आजही पुन्हा पुन्हा लावतात तो पहिला. त्यात लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या चेहऱ्यावरची भीती आहे, आणि ती कुठल्याही चष्म्यातून आणखी जवळ येऊ शकत नाही.

मग २०१७ च्या फेणेत आपल्याला बांधून ठेवणारं काय होतं? एक परीक्षा केंद्र. एक मुलगा, ज्याने आत्महत्या केली असं सगळे म्हणतात आणि ज्याच्याबद्दल एका बनेशलाच शंका येते. दिलीप प्रभावळकरांनी उभे केलेले खुद्द लेखक भागवत, ज्यांच्या घरी तो उतरतो. आणि गिरीश कुलकर्णींचा खलनायक अप्पा. अप्पाची भीती वाटते कारण तो घरातल्या थोरल्या माणसासारखा शांत बोलतो. आवाज चढवायची त्याला गरजच पडत नाही. समोर फेणेच्या हातात शस्त्र नाही, पाठीशी खातं नाही, ओळखीचा मंत्री नाही. डोळे, पाय आणि हट्ट एवढीच त्याची शिबंदी. या सिनेमाने वैद्यकीय प्रवेशाच्या घोटाळ्यावर बोट ठेवलं तेव्हा काहींना ते अतिरंजित वाटलं होतं. २०२४ मध्ये ‘नीट’चा पेपर फुटल्याचं प्रकरण देशभर गाजलं, सीबीआय चौकशी झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बावड्यात ज्या घरांतली पोरं त्या वर्षी परीक्षेला बसली होती तिथे ते महिने कसे गेले हे मी पाहिलं आहे. आपल्या घरातलं भय ज्या सिनेमाने इतकं आधी ओळखलं, त्याचा दुसरा भाग स्वित्झर्लंडला कशाला जायला हवा?

त्याने पंचगंगेवर यावं. माझी मागणी ही आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्याने करतो.

राजाराम बंधारा आमच्या बावड्याचा. पंचगंगेची पातळी तिथे मोजतात आणि पावसाळ्यात सगळा जिल्हा त्या आकड्यावर जगतो. जुलै उजाडला की सकाळी भेटणारा माणूस आधी “किती फूट?” विचारतो, मग बाकीचं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शियेकडे जाणारा रस्ता पाण्याखाली गेला की उत्तरेची ती वाट मिटते. तेव्हा पोरं काय करतात ते पाहण्यासारखं असतं. पाण्याच्या कडेला एक काटकी रोवायची, अर्ध्या तासाने यायचं, काटकी बुडाली असेल तर पाणी चढतंय, कोरडी माती मागे उरली असेल तर उतरतंय. मग बातमी घेऊन गल्लीत पळत सुटायचं. कुणी शिकवलेलं नसतं. भागवतांनी हे पाहिलं असतं तर फेणेला त्यांनी पुढच्याच प्रकरणात या पोरांत आणून बसवलं असतं. चक्रीवादळात फेणे गेलाच आहे, महापुरात तेवढा यायचा राहिला.

आणि गुन्हा? तोही इथेच आहे. नदीकाठी निळी रेषा, लाल रेषा आखलेल्या असतात. कुठे बांधायचं आणि कुठे नाही, हे त्या रेषा सांगतात. त्यांच्या आत रात्री डंपर येऊन मुरूम ओतून जातात, भराव वाढतो, पाण्याची जागा आकसते, आणि पुढच्या पावसाळ्यात ते पाणी भलत्याच कुणाच्या उंबऱ्यात शिरतं. पंचगंगेच्या काठी ही तक्रार नवी नाही. काटकी रोवणाऱ्या पोरांपैकी एखाद्याच्या लक्षात यावं की यंदा तेवढ्याच पावसात पाणी आधी चढलं. एवढ्या एका शंकेवर दोन तासांचा सिनेमा उभा राहतो. मरण, पैसा, दहशत, धावपळ, पुराच्या पाण्यातून वाट काढणं, सगळं त्यात आहे आणि एकही गोष्ट बाहेरून आणावी लागत नाही.

आणखी एक कारण आहे, ते मला जास्त टोचतं. मराठी पडद्यावर आमची बोली येते ती हसवायला, नाहीतर कुस्तीच्या फडात. रहस्य उलगडणारा, चौकस, हुशार मुलगा बोलतो पुण्याचं. बावड्यातल्या पोरांनी हे इतकं स्वीकारलं आहे की गोष्ट लिहायला सांगितली तर तीही नायकाच्या तोंडी पुणेरी मराठी घालतात. फेणे फुरसुंगीचा, म्हणजे तोही मूळचा गावाकडचाच. त्याला वाट दाखवायला बावड्यातली एखादी मुलगी असावी. “मी बघून येतो, तू हितं थांब,” असं तिने आपल्या बोलीत म्हणावं आणि त्यावर थिएटरमध्ये कुणी हसू नये.

पैसा कमी पडेल, अशी सबब कुणी सांगू नये; निदान कोल्हापुरात तरी सांगू नये. मराठी साहसपटाची सुरुवात इथे झाली. पेंटरांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा इथेच घडवला. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीची चढाई दाखवण्यासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण केलं. या देशात तेव्हा ते कुणी करत नव्हतं. शेलारमामा झाले होते तरुण शांतारामबापू. या लोकांकडे परदेशी भांडवल नव्हतं. गडाची चढण कशी दिसते हे त्यांना ठाऊक होतं आणि ते पडद्यावर कसं आणायचं याचा त्यांनी रात्रंदिवस विचार केला. फेणेच्या दुसऱ्या भागाला लागणारी ऐपत ही एवढीच.

चाहत्यांच्या अपेक्षांचं ओझं निर्मात्यांवर पडतं, तेव्हा चाहत्यांनी गप्प राहावं, असंही एक शहाणपण हल्ली ऐकवलं जातं. मला ते पटत नाही. ज्याने पुस्तकं झिजवली, तिकिटं काढली, त्याला मागण्याचा हक्क आहे. आपण मागतो काय, याचा मात्र विचार करावा. ‘पहिल्यासारखाच पण मोठा’ ही मागणी निर्मात्याला दुबळं करते. नवी जागा, नवा गुन्हा, तोच हट्टी पोरगा, ही मागणी त्याला कामाला लावते. अमेय वाघच हवा का? मला हवा आहे. नसला तरी मी जाईन. गिरीश कुलकर्णींच्या तोडीचा खलनायक हवा का? यात तडजोड नको.

आणि प्रदर्शनाची वेळ पुन्हा दिवाळीच्या सुटीचीच धरावी. सहामाही परीक्षा संपलेली असते, गावोगावचे चुलत-मामेभाऊ एका घरात जमलेले असतात. कोल्हापुरात सकाळचा एक खेळ पोरांना परवडेल अशा दरात ठेवावा आणि तो पहिल्याच आठवड्यात काढून हिंदीला देऊ नये. मराठी शाळांनी वर्गच्या वर्ग आणावेत. बावड्यातल्या शाळांपुरती ती खटपट करायला मी आणि इथले आणखी काहीजण तयार आहोत.