सही नांदेडची, शिक्का मुंबईचा

लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या तरुणाला परदेशी नोकरी लागली की पासपोर्ट-व्हिसाच्या आधी घोडं अडतं ते कागदांपाशी. पदवी खरी, गुणपत्रिका खरी, कुलसचिवांची सहीही खरी. पण नांदेडच्या विद्यापीठातली सही मस्कतच्या कार्यालयाने कशी ओळखायची? त्यासाठीच ५ ऑक्टोबर १९६१ चा हेग करार झाला. कागदावर 'अपोस्टिल' नावाचा एक चौकोनी दाखला लागला की सदस्य देशांत दूतावासाच्या वाऱ्या टळतात. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे.

या चौकोनात दहा क्रमांकित रकाने असतात: देश, सही कोणाची, कोणत्या पदावरून, शिक्का कुठला वगैरे. कागदातला मजकूर खरा आहे, असं त्यातला एकही रकाना म्हणत नाही! हमी फक्त सही, पद आणि शिक्क्याची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, जन्मदाखल्यात वडिलांच्या नावाची स्पेलिंग तिसरीच, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ अपोस्टिल मिटवत नाही. तो शाळेत आणि नगरपालिकेतच निस्तरावा लागतो, आणि तोही अर्ज करण्याआधी.

देशागणिक नियमही निराळे. ओमान आणि बहरीन करारात आहेत, सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये आला. संयुक्त अरब अमिराती मात्र बाहेर. म्हणजे दुबईच्या नोकरीसाठी परराष्ट्र मंत्रालयानंतर दूतावासाचाही शिक्का हवाच. जर्मनीची तऱ्हा आणखी न्यारी. तो देश करारात आहे, पण भारताच्या प्रवेशावर त्याने हरकत घेतलेली, त्यामुळे आपलं अपोस्टिल तिथे चालत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा जर्मन भाषेच्या वर्गांची चर्चा भरपूर झाली. कागदांची बाजू कोण समजावून सांगणार, हे विचारायला हवं होतं.

परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल शुल्क अवघं ५० रुपये, वर अर्ज स्वीकारणाऱ्या एजन्सीचं किरकोळ सेवाशुल्क. तरीही एजंट हजारांत का बोलतो? कारण मंत्रालय थेट विद्यापीठाची सही पाहत नाही. त्याआधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण लागतं आणि ती पायरी मुंबईत आहे. उदगीरहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या वर. बिदर-मुंबई गाडीचा रात्रीचा प्रवास, वर लॉजचं भाडं, त्यात एखादी झेरॉक्स कमी पडली की दिवस बुडाला. एवढा हेलपाटा घालण्यापेक्षा लोक एजंटला पैसे देऊन मोकळे होतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

गंमत अशी की अपोस्टिलची सोय उदगीरला जास्त जवळच्या हैदराबादेतही आहे. १९५६ पर्यंत उदगीर हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्यातच होतं. पण महाराष्ट्राची राज्यपायरी हैदराबाद कशी देणार?

केंद्राने २०१९ मध्ये अपोस्टिलचं काम दिल्लीबाहेर पंधरा शहरांत नेलं. त्याआधी २०१७ मध्ये कागदांच्या ऑनलाइन प्रमाणीकरणासाठी 'ई-सनद' सुरू केलं, पण कागद देणारी संस्था डिजिटल नोंदीसह त्यात उतरली तरच त्याचा उपयोग. राज्याने आपली पायरी निदान जिल्हा पातळीवर आणायला काय हरकत आहे? लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एका अधिकाऱ्याला अधिकार द्यायचे, त्याच्या सहीचा नमुना परराष्ट्र मंत्रालयाकडे पाठवायचा आणि विद्यापीठाकडून ऑनलाइन पडताळणी मागवायची. लातूर-नांदेडच्या आमदारांनी ही मागणी येत्या अधिवेशनात लावून धरावी आणि तोवर तहसील कार्यालयाबाहेर कोणत्या देशाला कोणता शिक्का लागतो याचा मराठीत एक फलक तरी लावून घ्यावा.