फुले, पेन आणि तौलनिक अभ्यासाचा आरंभबिंदू

मराठीतील तौलनिक साहित्याभ्यासात अमेरिकन साहित्य येते ते बहुधा विसाव्या शतकातील कृष्णवर्णीय लेखकांच्या रूपाने. या दिशेच्या अभ्यासाची जडणघडण बऱ्याच अंशी आजच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत झाली. १९५० साली स्थापन झालेल्या मिलिंद महाविद्यालयातील वैचारिक वातावरण, म. ना. वानखेडे यांचे चिंतन आणि गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ यांनी दलित साहित्याला व्यापक संदर्भ मिळवून दिला. जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने त्या संदर्भाला अभ्यासाची शिस्त दिली. हे ऋण मान्य करूनही एक प्रश्न उरतोच : या अनुबंधाचा आरंभ विसाव्या शतकात मानणे इतिहासाला धरून आहे काय?

हा प्रश्न केवळ कालगणनेचा नाही. आरंभ १९७२च्या दलित पँथरपाशी मानला, की संघटनेच्या नावापासून आत्मकथनांपर्यंत सारे काही अमेरिकेचे अनुकरण आहे, या जुन्या आक्षेपाला आयतेच बळ मिळते. तो जोतीराव फुले यांच्यापाशी नेला, तर चित्र पालटते. थॉमस पेन यांचा ‘राइट्स ऑफ मॅन’ (१७९१-९२) फुल्यांनी तरुणपणीच वाचला होता. आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या लोकांना. मराठीचा हा संवाद पँथरपेक्षा सुमारे शंभर वर्षांनी जुना आहे, आणि त्याची मुळे अमेरिकन साहित्याच्या प्रारंभकाळात आहेत.

त्या प्रारंभकाळात दोन ठळक प्रवाह दिसतात. पहिला न्यू इंग्लंडमधील प्युरिटनांचा धर्मप्रवण प्रवाह. जॉन एलियट यांनी मॅसॅच्युसेट या मूळनिवासींच्या भाषेत केलेले संपूर्ण बायबल १६६३ साली छापले गेले, ते याच प्रेरणेतून. दुसरा क्रांतिकाळातील बुद्धिवादी प्रवाह. पेन यांचे ‘कॉमन सेन्स’ (१७७६) आणि पुढे बायबलच्या प्रामाण्यावरच आघात करणारे ‘एज ऑफ रीझन’ ही त्याची ठळक उदाहरणे. हे दोन्ही प्रवाह महाराष्ट्रात येऊन पोहोचले. पहिल्याचे वारसदार असलेले अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाणे केले आणि १८४२ साली तेथून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. अहमदनगरची मिस फॅरर यांची मुलींची शाळा पाहून फुल्यांनी प्रेरणा घेतली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. दुसरा प्रवाह पेन यांच्या ग्रंथांतून आला. मिशनरी आणि त्यांना पाखंडी वाटणारा लेखक, अशा परस्परविरोधी दोन्ही ठिकाणांहून फुल्यांनी घेतले. परंतु शाळेचा आदर्श घेताना धर्मांतर स्वीकारले नाही, आणि मानवी हक्कांचा विचार घेताना ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त (१८९१) ‘निर्मिका’ची संकल्पना आपल्या भाषेत आणि आपल्या समाजस्थितीतून घडवली. याला ‘प्रभाव’ म्हणणे अपुरे आहे. ही विवेकपूर्वक केलेली निवड होती.

स्वातंत्र्याचा उद्घोष आणि दास्याचे वास्तव यांतील विसंगतीही त्याच काळातील संहितांमध्ये उघड दिसते. १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात जेफर्सन यांनी केलेला गुलामांच्या व्यापाराचा निषेध काँग्रेसने वगळला. स्वतः जेफर्सनही गुलामांचे मालक होते. फिलिस व्हीटली या गुलाम तरुणीचा कवितासंग्रह १७७३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कविता तिच्याच आहेत, असे बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांचे प्रशस्तिपत्र त्याला जोडावे लागले. ओलाउदा इक्वियानो यांच्या १७८९च्या आत्मवृत्ताच्या शीर्षकातच, हे स्वतः लिहिले आहे, असा निर्वाळा आहे. ‘बलुतं’ (१९७८) आणि त्यानंतरच्या आत्मकथनांपुढे ‘हे साहित्य की दस्तऐवज?’ हा प्रश्न ठेवला गेला. दोन्ही प्रश्न एक नाहीत. परंतु वंचिताने लेखणी धरली की त्याच्याकडून जादा पुरावा मागायचा, ही वृत्ती दोन्हींत समान आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. फुल्यांनी अमेरिकेचे गौरवीकरण केले. ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली त्या काळातही तेथील मूळनिवासींच्या भूमीचे अपहरण चालूच होते, आणि जाहीरनाम्यातही त्यांचा उल्लेख हिणवणाराच आहे. आक्षेप खरा आहे. तथापि फुल्यांची अर्पणपत्रिका म्हणजे अमेरिकेचे मूल्यमापन नव्हे. शूद्रबांधवांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा, हा तिचा हेतू आहे. तिची मर्यादा दाखवायची असेल, तर त्यासाठीही मूळ संहितांकडेच जावे लागेल.

म्हणूनच पदव्युत्तर अभ्यासक्रमातील तौलनिक साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत पेन आणि ‘गुलामगिरी’, इक्वियानो आणि ‘बलुतं’ या संहिता शेजारी शेजारी ठेवून वाचल्या जाव्यात. गोमंतकात ओवीचा आश्रय घेणारे स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) आणि एलियट यांचे भाषांतर यांची तुलनाही उद्बोधक ठरेल. ज्या नगरात दलित साहित्याची मीमांसा बहरली, तेथील मराठी विभागांनी हे काम इंग्रजी विभागाचे म्हणून बाजूला सारू नये. फुल्यांनी ते मराठीतच आरंभले होते.